आधी तासभर बसा

शिक्षकाकडे दोन गोष्टी कधी कमी पडत नाहीत. खडूचे तुकडे आणि पालकांची मतं! खडू निदान झिजतात तरी. मतं साठतच जातात, आणि निवृत्त झाल्यावर चार मैत्रिणी चहाला जमल्या की एकेक बाहेर पडायला लागतं. परवा एक मैत्रीण नातवाच्या शाळेतल्या पालकांच्या नावाने कुरकुरत होती. मी म्हटलं, "अगं, तू आमचे मोकाशी बघितले नाहीस म्हणून असं बोलतेस!" मग काय, चहा दोनदा गरम करावा लागला.

आमची शाळा कळव्याची. मराठी माध्यम, पहिली ते चौथी, बैठी इमारत, मागे खाडी, दारात बदामाचं झाड. निम्मी मुलं कोळीवाड्यातली, निम्मी नव्या बिल्डिंगांमधली. नव्वदच्या आगेमागे ठाण्यातल्या इंग्रजी शाळांच्या बस पूल ओलांडून आमच्याकडे यायला लागल्या आणि आमचा पट उतरणीला लागला. दुसरीच्या दोन तुकड्या होत्या, त्यातली 'ब' माझी. आणखी थोडी मुलं गेली असती तर दोन्ही तुकड्या एक होणार होत्या, आणि सगळ्यांत नवी म्हणून मी 'अतिरिक्त' ठरणार होते. अतिरिक्त म्हणजे शिक्षण खातं पाठवेल तिकडे जायचं, अगदी शीळफाट्याच्या पलीकडेसुद्धा! माझा मुलगा तेव्हा लहान, नवऱ्याची शिफ्ट ड्युटी. त्यामुळे एखादा पालक फाटकातून आत येताना दिसला की मी आधी त्याच्या हातात अर्ज आहे का ते बघायचे. दाखला मागायला तर नसेल आला?

आमच्या मुख्याध्यापिका सबनीस बाई. सगळे त्यांना 'मोठ्या बाई' म्हणायचे, खरं तर उंचीने त्या माझ्या खांद्याला लागायच्या. तक्रार घेऊन येणाऱ्या पालकांसाठी त्यांचा एकच नियम होता. आधी आपल्या मुलाच्या बाकावर बसून वर्गात एक तास काढायचा, मग काय ते बोलायचं. कलेक्टर आला तरी नियम बदलणार नाही, असं त्या म्हणायच्या.

"बाई, जरा एक तक्रार होती..."

"हो का? बसा. ब तुकडी, डावीकडची रांग. आधी तासभर बसा."

* * *

हा नियम सगळ्यांत जास्त वेळा कोणी भोगला असेल तर आमच्या मोकाशींनी. बेलापूर रोडवरच्या एका कंपनीत ते क्वालिटी कंट्रोलला होते आणि घरी आल्यावरही त्यांचं कंट्रोल चालूच असायचं. त्यांची गौरी माझ्या वर्गात होती. जूनमध्येच ते आले, खिशाला दोन पेनं.

पहिली तक्रार, वर्गात उजेड कमी आहे. दुसरी, पाण्याच्या पिंपाला झाकण नाही. तिसरी तक्रार सांगताना त्यांचा आवाज चढला. "आणि ही करंगळी दाखवण्याची काय पद्धत आहे? बाहेर जायचं तर मुलांनी पूर्ण वाक्यात परवानगी मागावी. आमच्या कंपनीत कोणी साहेबाला करंगळी दाखवत नाही!"

आता पूर्ण वाक्यात बोलण्याइतका वेळ दुसरीतल्या मुलाकडे असतो का, हा प्रश्न माझ्या ओठांवर आला होता. पण मोकाशी गेले की त्यांच्यामागे अख्खी बिल्डिंग जाणार, हे मला माहीत होतं, म्हणून मी मान डोलावली. मोठ्या बाईंनी त्यांना बाकावर पाठवलं.

मोकाशी बसले. म्हणजे बाक खाली आणि गुडघे वर. मी फळ्याकडे वळून वजाबाकी लिहायला घेतली तशी मागे कुजबुज सुरू झाली. मी सवयीने, मागे न बघता, ओरडले, "कोण बोलतंय?"

मग गौरी उभी राहिली. डोळ्यांत पाणी. "बाई, मी नाही. बाबा बोलतायत."

* * *

गौरीच्या बाकावर तिच्या शेजारी बसायची चंदा, कोळीवाड्यातल्या हिराबाईंची मुलगी. हिराबाई नाक्यावर मासळी विकायच्या. आवाज असा की त्यांनी फाटकात हाक मारली की चौथीचा वर्गही उभा राहायचा. एक दिवस त्या टोपलीसकट आल्या.

"बाय, तुम्ही माझे पोरीला काय शिकवलाव?"

"का हो, काय झालं?"

"घरान कोनाला बोलाया देत नाय! बोलाचा असल तर आधी हात वर करा बोलतंय. अवो, आमचे घरान सगली एकदम बोलतान, तवा कुठं एकमेकांना समजतंय! काल माझा नवरा हात वर करून चाय मांगत व्हता!"

मोठ्या बाईंनी हसू दाबलं आणि बाक दाखवला. हिराबाई टोपली दाराशी ठेवून तासभर बसल्या. शाळेतलं मांजरही दारात येऊन बसलं, टोपलीवर डोळा ठेवून, आणि जागचं हललं नाही. तास संपल्यावर मोठ्या बाईंनी विचारलं, "बोला आता हिराबाई, काय म्हणत होतात?"

हिराबाईंनी आधी हात वर केला.

* * *

शेवया, पापड आणि शाळा या तीन विषयांवर बदामाच्या झाडाखाली आयांची बैठक रोज भरायची. एकदा त्यातल्या दोघी एकाच दिवशी ऑफिसात शिरल्या. अमितच्या आईचं म्हणणं, अभ्यास फार देता, मुलाला खेळायला वेळ नाही. सोनालीच्या आईचं म्हणणं, अभ्यास काहीच देत नाही, मुलगी दिवसभर हुंदडते. दोन्ही मुलं एकाच वर्गातली, अभ्यासही एकच!

दोघींना तासभर एका बाकावर बसवलं. तेवढ्यात त्यांची गट्टी जमली. मी दोनदा "शू" केलं, तरी कैरीच्या लोणच्यात मेथी किती घालायची, हे ठरल्याशिवाय त्या थांबल्या नाहीत. बाहेर आल्यावर मोठ्या बाई गंमतीने म्हणाल्या, "एकीला अभ्यास जास्त होतो, एकीला पुरत नाही. मग तुम्ही आपसातच बघा की!"

दुसऱ्या दिवशी मी वह्या तपासायला बसले. अमितचा निम्मा अभ्यास सोनालीच्या अक्षरात होता.

* * *

पालकांमध्ये आजोबा हा एक वेगळा प्रकार असतो. त्यांची तक्रार बहुधा एकच, की आता पूर्वीसारखं राहिलं नाही. एक आजोबा धोतर, टोपी, काठी अशा पूर्ण तयारीनिशी आले आणि म्हणाले, "तुम्ही मुलांना मारत नाही, असं कानावर आलंय. वर्गात दंगा चालतो म्हणे. आमच्या गुरुजींच्या वर्गात टाचणी पडली तर ऐकू यायची."

आजोबा नातवाच्या बाकावर बसले. बाहेर खाडीवरचा वारा, आत माझी कविता. पाचव्या ओळीला त्यांना गाढ झोप लागली. मुलांच्या ते लक्षात आल्यावर त्यांनी आपणहून ओठांवर बोट ठेवलं. घरी आजोबा झोपले की काय करायचं हे मुलांना शिकवावं लागत नाही. पुढचा सगळा वेळ मी कविता खुणांनी शिकवली. आजोबांच्या घोरण्याखेरीज वर्गात आवाज नव्हता.

घंटा झाली तशी आजोबा दचकून उठले, इकडेतिकडे बघितलं आणि काठी टेकत ऑफिसात गेले. मोठ्या बाईंना म्हणाले, "माझी तक्रार मागे. वर्ग शांत आहे. बाई नक्की मारत असणार!"

* * *

डिसेंबरात स्नेहसंमेलन. या दिवसांत पालकांची मतं अशी उफाळून येतात की विचारू नका. आमच्या नाटकात जंगल होतं, आणि जंगल म्हटलं की झाडं आली. सतीशचे वडील तणतणत आले. "आमचा सतीश झाड का? त्याला एकही वाक्य नाही! वाघ त्या मोकाशींच्या मुलीला दिलात. मुलगी वाघ आणि माझा मुलगा झाड?"

"तक्रार आहे ना?" मोठ्या बाई म्हणाल्या. "मग तालमीला या. आधी तासभर झाड व्हा."

गृहस्थ हट्टी. झाले झाड! दोन्ही हातांत बदामाच्या डहाळ्या घेऊन उभे राहिले. पहिली दहा मिनिटं कपाळाला आठ्या होत्या. मग गौरी वाघ होऊन डरकाळी फोडत आली आणि चंदा हरीण होऊन याच झाडामागे लपली. झाड हळूच सरकून वाघाच्या आड आलं. सतीश ओरडला, "बाबा, झाडं हलत नाहीत!" तेव्हापासून गृहस्थ एकही तालीम चुकले नाहीत. कंपनीतून थेट यायचे, डबासुद्धा घरी न ठेवता.

संमेलनाच्या दिवशी पडदा उघडला, तेव्हा जंगलात एक झाड जास्त होतं. त्याला मिशी होती.

* * *

एवढं सगळं हसणं चालू असताना पट मात्र कमीच होत होता. दिवाळीनंतर तीन मुलं गेली, संक्रांतीनंतर आणखी एक. आणि मग कळलं, की मोकाशी ठाण्याच्या एका इंग्रजी शाळेत गौरीच्या प्रवेशासाठी इंटरव्ह्यूला गेलेत. इंटरव्ह्यू मुलीचा नव्हे, आईवडिलांचा! त्यांच्या बिल्डिंगमधले बाकीचे पालक काय होतंय ते बघत थांबले होते. मी त्या रात्री नवऱ्याला म्हटलं, "संपलं. आता सामान बांधायला घ्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी मोकाशी शाळेत हजर. चेहरा लालभडक. "मोठ्या बाई, तक्रार आहे."

"बसा."

बसले. यावेळी गौरीच्या नव्हे, चंदाच्या बाजूला. मला तर काही सुचत नव्हतं, मी तीच बेरीज दोनदा शिकवली. तास संपल्यावर मोकाशी ऑफिसात गेले, आणि मीही काहीतरी निमित्त काढून मागोमाग गेले.

"काल ठाण्याच्या शाळेतल्या मॅडमनी मला विचारलं, सध्याच्या शाळेबद्दल तुमचं मत काय? मी सगळं सांगितलं. उजेड कमी, पिंपाला झाकण नाही, करंगळी दाखवतात. मुद्देसूद सांगितलं. तर त्या काय म्हणाव्यात? म्हणाल्या, साहजिक आहे, कोळ्यांची मुलं येतात ना तिथे. तसल्या शाळेत तुमच्या मुलीवर काय संस्कार होणार?" मोकाशींनी घाम पुसला. "मग माझा तोल गेला. म्हटलं, तसली म्हणजे कसली? माझी मुलगी आणि चंदा एका बाकावर बसतात. मी बसतो त्या बाकावर! नावं ठेवायची तर मी ठेवीन, तुम्ही कधी बसलात तिथे? असं बरंच बोललो. इंग्रजीत सुरुवात केली होती, मराठीत कधी आलो कळलंच नाही."

"मग?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"मग काय, प्रवेश नाकारला."

"आणि आमच्याकडे तक्रार कसली?"

मोकाशी उसळून म्हणाले, "जून महिन्यापासून सांगतोय, पिंपाला अजून झाकण नाही!"

चार दिवसांनी ते स्वतःच झाकण घेऊन आले. भक्कम, पत्र्याचं, मापात. आतल्या बाजूला त्यांच्या कंपनीतली चिठ्ठी चिकटवलेली होती. तिच्यावर 'तपासून पाहिले, योग्य आहे' असा शेरा आणि खाली मोकाशींची सही. मी ती चिठ्ठी वाचली आणि पिंपामागे उभी राहून रडले, काय सांगू!

* * *

आता शेवटचा किस्सा, मार्च महिन्यातला. तुकडी पुढेही टिकली, हे वेगळं सांगायला नको. नाहीतर मी तुम्हाला हे सगळं सांगायला कळव्यात कशी उरले असते? पण त्या दिवशी मला ते ठाऊक नव्हतं. त्या दिवशी मला एवढंच ठाऊक होतं, की खात्याचे साहेब तपासणीला आलेत, आणि ब तुकडी ठेवायची की मोडायची ते त्यांच्या हातात आहे.

साहेब जाडजूड, सफारीतले, कपाळाला आठी. मोठ्या बाईंनी आधी चहा दिला. मोकाशी तेव्हा ऑफिसातच होते, फाटकाची कडी नीट बसत नाही अशी नवी तक्रार घेऊन आलेले, म्हणून त्यांनाही चहा. हिराबाईंनी साहेब आल्याचं ऐकून शहाळी पाठवली. तीही दोघांनी संपवली. शिवाय उन्हाचे दिवस म्हणून मोठ्या बाईंनी आग्रहाने ताक दिलं. साहेबांना नाही म्हणवेना, आणि साहेब घेतायत म्हटल्यावर मोकाशींनाही म्हणवेना.

मग साहेब फाईल मिटवून म्हणाले, "बाई, स्पष्टच सांगतो. एवढ्याशा मुलांसाठी दोन तुकड्या कशाला? पालक मुलं काढून नेतायत, म्हणजे शिकवण्यातच काहीतरी कमी असणार. माझी तर या ब तुकडीबद्दल तक्रारच आहे..."

मी दारात उभी होते. मनातल्या मनात मी सामान बांधायला घेतलं.

मोठ्या बाई मात्र शांतपणे उठल्या. "तक्रार? मग बसा. डावीकडची रांग. आधी तासभर बसा."

"मी?" साहेब म्हणाले.

"सगळ्यांना एकच नियम आहे," मोकाशी म्हणाले. "चला, मीही बसतोय."

साहेबांना वाटलं, पाच मिनिटं बसू आणि उठू. पण पाचव्या मिनिटाला उठणार कसे? सगळा वर्ग त्यांच्याकडे बघत होता. बाकाच्या एका टोकाला मोकाशी, मग चंदा, मग गौरी आणि दुसऱ्या टोकाला साहेब. चौघांचे हात बाकावर. मी हातचा घेऊन करायची वजाबाकी शिकवायला लागले. पहिलं उदाहरण मी घाईघाईने स्वतःच सोडवून टाकलं. मग चंदाने उत्तर दिलं, गौरीने त्याच्या पुढचं दिलं, सतीशने चुकीचं दिलं आणि सगळे हसले, त्यात साहेबही हसले. हळूहळू मी विसरूनच गेले, की बाकावर कोण बसलंय. शिकवताना माझं नेहमी असंच व्हायचं.

अर्धा तास झाला असेल. मी फळ्यावर लिहीत होते. डोळ्यांच्या कोपऱ्यातून डावीकडे काहीतरी वर झालेलं दिसलं. करंगळी! आणि मी, रोजच्या सवयीने, मान न वळवता म्हटलं, "आत्ताच मधली सुट्टी झाली ना? बस खाली!"

बाक करकरला. करंगळी खाली गेली.

मग त्या करकरण्यावरून मला कळलं, की मी कोणाला बसवलंय. माझ्या हातातला खडू तुटला. वळून बघायची हिंमत होईना. शीळफाटा डोळ्यांपुढे उभा राहिला.

तेवढ्यात मागून गौरीची कुजबुज ऐकू आली. मोकाशींच्या गौरीची, पण बोली थेट कोळीवाड्याची. "काका, आता नाय इचारायचा. बाई फला पुसाया लागल्या का मंग इचारायचा. तवा पाठवतान."

मी डस्टर उचललं. वजाबाकी अर्धीच झाली होती, तरी फळा पुसायला घेतला. सावकाश, वरपासून खालपर्यंत. मग मागे वळले.

साहेबांची करंगळी वर होती. आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला मोकाशींचीही.